माळकऱ्याचा लसूण

१२ मार्च. भावाने दिंद्रुडहून नवा लसूण पाठवला, पाल्यासकट, मुळांना माती तशीच. सकाळची जेवणं उरकल्यावर मी मागच्या पडवीत जुनं लुगडं अंथरलं आणि गड्डे एकमेकांवर चढणार नाहीत असे पसरले. उन्हात नाही, सावलीत. मुळं आत्ताच कापायची नाहीत. माती वाळली की हाताने झटकायची, पाणी अजिबात लावायचं नाही. पाला कागदासारखा वाजायला लागला की वेण्या घालून वारा खेळेल तिथे टांगायच्या. बीडमध्ये माझी क्लासच्या मुलींची खानावळ आहे. लसूण नासला की माझी चिडचिड होते, आणि ती मुलींना जेवणात लागते.

हे सगळं मला शिकवलं माझ्या पहिल्या घरमालकांनी. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळकरी माणूस कांदा-लसूण खात नाही, आणि हेही खात नव्हते. पण लसणाबद्दल इतकं बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. गल्लीत त्यांना सगळे आबा म्हणायचे. पाटबंधारे खात्यातून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण कोणत्याही कामात शेरा मारल्याशिवाय ते पुढे जाऊ द्यायचं नाही, ही सवय काही निवृत्त झाली नव्हती. गेल्या वर्षी ते वारले. मी मातीला गेले होते. तिथेही दोघंतिघं लसणाचंच काहीतरी सांगत होते.

खानावळीसाठी मी त्यांच्या घराची मागची बाजू बघायला गेले तेव्हा त्यांनी पहिलीच अट घातली.

"कांदा-लसूण चालनार न्हाई. माळकऱ्याचं घर हाय."

"मग मुली जेवणार नाहीत आबा."

"कावून? वरणभात खावा म्हनावं. डोकं चालतं त्यानं."

मी पिशवी उचलली आणि निघाले. फाटकापाशी पोचले तेव्हा मागून हाक आली. घर बरेच दिवस रिकामं पडलेलं होतं. "हे बघ बाई," ते म्हणाले, "भिंतीच्या पल्याड काय शिजतंय त्ये मी बघनार न्हाई." ही तडजोड त्यांनी दोन दिवस पाळली. तिसऱ्या दिवशी ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होते आणि गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे बोट दाखवत होते.

"हे काय करायलीस? त्याला जीव हाय. ह्यात घाम फुटून मरंल त्यो."

मी म्हटलं, "तुम्ही बघणार नव्हता ना?"

"बघितलं न्हाई. वास आला." आणि थांबून म्हणाले, "आधी त्यातनं काढ."

मी पिशवीतला लसूण टोपलीत ओतला. खालच्या गड्ड्यांना बुरशी धरायला लागली होती हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, ते आधीच मान हलवत होते.

मी लसूण नखाने सोलायची, एकेक पाकळी. त्यांना ते बघवेना. "असं सोलत बसलीस तर पोरींची परीक्षा होऊन निकाल लागंल." मग त्यांनी कार्यालयात बसल्यासारखं पाटावर बसून दाखवलं. थोडा लसूण असेल तर पाकळ्या एका वाटीत घालायच्या, वर दुसरी वाटी पालथी धरायची आणि जोरात हलवायचं. सालं आपोआप सुटतात. जास्त असेल तर पाकळ्यांना तेलाचा हात लावून त्या तासभर कडक उन्हात ठेवायच्या, मग गोणपाटात चोळायच्या आणि सुपात पाखडायच्या. हे पाखडणं ते स्वतः करायचे, पुढच्या ओट्यावर, गल्लीच्या डोळ्यांदेखत. पांढऱ्या पायजम्याला टरफलं चिकटलेली, गळ्यात माळ. कोणी विचारलं तर म्हणायचे, "भाडेकरनीचं काम हाय. तिला जमत न्हाई."

जमायला लागल्यावरही हेच सांगायचे.

माळ त्यांनी भक्तीने घातली होती असं मला खात्रीने सांगता येणार नाही. त्यांच्या बायकोला आम्ही माई म्हणायचो. माईंनी मला खरं सांगितलं. समोरच्या घरात अण्णा राहायचे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्यांचं. एका हरिनाम सप्ताहात अण्णांनी माळ घातली. घरी आल्यावर आबा जेवले नाहीत. "अण्णाच्या गळ्यात माळ आन माजा गळा मोकळा?" दुसऱ्या दिवशी जाऊन घालून आले. तोवर हा माणूस रोज भाकरीबरोबर कच्चा लसूण चावून खायचा. माई म्हणाल्या, "लगीन झालं तवा वासानं मी माहेराला पळून गेलते. आता नाकच गेलंय माजं, सर्दीनं. आता त्यांनी खाल्ला काय आन न्हाई काय, मला कळत न्हाई."

पण आबांनी खाल्ला नाही. हे मात्र मी शपथेवर सांगेन. माझ्या फोडणीच्या वेळी ते न चुकता मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालायला यायचे. शेवटी ती तुळस जास्त पाण्यानेच सडली. एकदा मी विचारलं, "आबा, वास घेतला तर चालतो का हो?"

"माळ गळ्यात हाय. नाकात न्हाई."

आमची भांडणंही व्हायची. मी मोठा फ्रीज घेतला. सोललेल्या पाकळ्या कोरड्या काचेच्या बरणीत ठेवायला लागले. खाली कापडाची घडी, म्हणजे ओल धरत नाही. त्या आठवडाभर छान राहतात. एवढं त्यांना चाललं. मीठ-तेल घालून वाटलेला लसूण मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला, तेव्हा मात्र ते उखडले. "ह्यो लसूण न्हाई, त्याचं प्रेत हाय. बर्फात ठिवलंस." मी म्हटलं, सकाळी तीन भाज्या करताना एकेक वडी कढईत टाकली की काम झालं, मला वाटत बसायला वेळ नाही. दुपारी मी मागच्या दाराने आले तर ते एक वडी बशीत घेऊन बसले होते आणि वितळायची वाट बघत होते.

"काय करताय आबा?"

"तपासायलो. बरा हाय. आईच्यान, बरा हाय की."

ते चुकायचेही, आणि चुकले तरी आवाज तेवढाच असायचा. सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून फळीवर ठेवला की वर्षभर राहतो, हा त्यांचा ठाम सिद्धांत. त्यांच्या आग्रहाने मी एक बरणी भरली. काही दिवसांनी झाकण वर आलं आणि तेलातून बुडबुडे येत होते. "श्वास घेतंय त्ये," आबा कौतुकाने म्हणाले. मी बरणी उचलून खड्ड्यात पुरली. कच्चा लसूण तेलात घालून बाहेर ठेवायचा नसतो. त्यात विष तयार होऊ शकतं आणि ते वासाने, चवीने कळत नाही. करायचाच तर थोडा करायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दोन-तीन दिवसांत संपवायचा.

"माजी आई असाच ठिवायची. मेली का ती?"

"गेल्याच की हो."

"म्हातारपनानं गेली!" आणि दोन दिवस तुळशीला पाणी नाही.

त्यांची सगळ्यात चांगली युक्ती पुडीची. पावसाळ्यात लसणाला कोंब यायला लागतात, पाकळ्या आतून पोकळ होतात. त्याआधीच लसूण पातळ चिरायचा, कडकडीत वाळवायचा, मिक्सरमधून काढायचा. पूड कोरड्या डब्यात वर्षभर टिकते. मी ती येसरातच मिसळून ठेवायची. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, आमच्याकडे आमटीला लावतात. हिंग, धने, खोबऱ्याच्या वासात पूड अशी मुरायची की खाणाऱ्याला चव कळे, कशाची ते कळत नसे. ह्या युक्तीचा आबांना फार अभिमान होता.

आमच्या गल्लीतल्या देवळात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसायचा. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन आणि दुपारी महाप्रसाद. महाप्रसादाच्या स्वयंपाकाची देखरेख हा गल्लीतला मोठा मान, आणि तो वर्षानुवर्षं अण्णांकडे होता. आबांना तो हवा होता. इतका हवा होता की त्यांनी मंडपाच्या दोऱ्या धरल्या, भांडी मोजून घेतली, अण्णांना हार घातला. शेवटी एका वर्षी मंडळींनी तो त्यांना दिला. त्या दिवशी ते खांद्यावर नवा टॉवेल टाकून पहाटेच देवळामागे गेले आणि धरणाचे दरवाजे उघडायचे असावेत तशा आवाजात आचाऱ्यांना हुकूम सोडायला लागले.

खानावळीची जेवणं करून मी मदतीला गेले तेव्हा कीर्तन रंगात आलं होतं. आबांनी मला पाण्याच्या टँकरमागे बोलावलं. चेहरा उतरलेला होता.

"बाई, तुज्या येसरात ती पूड हाय?"

"कुठली?"

"मी शिकवलेली."

"आहे की. का?"

"मसाला कमी पडला. आचाऱ्यानं घरी निरोप धाडला. माईनं तुज्या फळीवरला डबा दिलाय. आमटीत गेला सगळा."

मी पातेल्याजवळ जाऊन आले. लालभडक आमटी, वर तेलाचा तवंग. मला हिंगाचा आणि लाकडाच्या धुराचा वास येत होता, बाकी काही नाही.

"मला तर काहीच कळत नाही."

"तुला न्हाई कळनार. कुनालाच न्हाई कळनार," आबा म्हणाले. आवाज रडवेला होता, पण त्यात थोडी ऐटही होती.

"कळत नसेल तर गप्प बसा."

"आन माळकऱ्यांच्या पोटात जाऊ दे? त्यांची माळ मोडू दे? माज्या देखरेखीत?"

"मग सांगा आणि ओतून द्या."

"एवढं अन्न? आन माईनं दिला म्हनून सांगू चार लोकांत?" त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. मग एकदम ताठ झाले. "तू घरी जा. माळकऱ्यांपुरती साधी आमटी कर. पळ."

माझी डाळ शिजेपर्यंत कीर्तन संपलं आणि कर्ण्यावरून त्यांचा आवाज आला. यंदा माळकरी मंडळी आधी वाढतील आणि शेवटी जेवतील, कारण सेवा आधी आणि भोजन नंतर. टाळ्या पडल्या. माणूस अडचणीत सापडला की किती छान बोलतो! कीर्तनकार महाराजांचं जेवण एका घरी ठरलेलं होतं, त्यामुळे तीही काळजी नव्हती. पहिल्या पंगतीला महाराजांच्या गावच्या पाहुण्यांशेजारी बसायची सवय असलेल्या अण्णांना कमरेला टॉवेल गुंडाळून आमटीची बादली उचलावी लागली.

मी जिरं-हिंगाची पिवळी आमटी घेऊन परत आले तेव्हा पंगती जोरात होत्या. "आमटी लई झकास झालीय यंदा!" "अण्णा, इकडं बघा की, आमटी!" एका म्हाताऱ्याने तीनदा मागितली. अण्णा वाढत होते, ऐकत होते आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळत होते.

शेवटी माळकऱ्यांची पंगत बसली. माझी आमटी वाढायला घेतली. अण्णांनी द्रोणात बघितलं.

"ही कुठली? ती लाल कुठं गेली?"

"संपली," आबा म्हणाले.

"कुठं संपली? अर्धं पातेलं हाय तिकडं. आमी वाढली न्हवं का?" त्यांनी हाक मारली. एक वाढपी लाल आमटीची बादली घेऊन धावत आला.

आबा अण्णांच्या मागेच उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होते. नुसतं गप्प राहायचं होतं. अण्णा सगळ्यांसमोर लसूण ओरपणार होते आणि ते फक्त आबांना कळणार होतं. पुढची सगळी वर्षं अण्णांकडे बघून मनातल्या मनात हसता आलं असतं. मी असते तर गप्प राहिले असते.

वाढप्याने पळी वाकवली आणि आबांनी अण्णांच्या द्रोणावर हात धरला. कढत आमटी त्यांच्या हातावर पडली.

"न्हाई," ते म्हणाले. "त्यात लसूण हाय."

पंगतीतल्या माना वळल्या, ह्या टोकाकडून त्या टोकाकडे.

"कुनी घातला?" अण्णांनी विचारलं.

"मसाला माज्या घरचा. मी दिला."

पंगतीच्या शेवटी बसलेल्या माईंनी तोंड उघडलं. आबांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मिटलं.

"आन तुमाला कवा कळलं?"

"कीर्तन चालू होतं तवा."

"कशावरून?"

"वासावरून."

अण्णा हसले. पाट मागे सारून नीट बसले. "आमी माळ घातली तवापासून लसूण कसा असतो त्ये आटवतबी न्हाई. आन तुमच्या नाकात अजून हायच? म्हंजे तुमचा काय सुटला न्हाई, आबा."

दोघंचौघं हसले. आबा भाजलेल्या हातावर फुंकर घालत होते.

"न्हाईच सुटला," ते म्हणाले. "मी फकस्त खाल्ला न्हाई."

मला हे उत्तर वाटलं. मंडळींना तो कबुलीजबाब वाटला.

चपला काढायच्या जागी उभं राहून त्यांनी ठरवलं की देखरेख पुढच्या वर्षी अण्णांकडे, आणि आबांनी माळ उतरवून महाराजांच्या हातून नव्याने घालून घ्यावी. महाराज जीपमध्ये बसत होते. त्यांचं कडा गावी दुसरं कीर्तन होतं. त्यांनी अर्धवट ऐकलं आणि सांगितलं, उद्या सकाळी परत येताना थांबतो, अंघोळ करून या. त्यांना घाई होती, एवढाच त्याचा अर्थ असावा. आबांनी स्वतःच माळ काढली आणि देवळातल्या खुंटीला अडकवली.

"तोपतूर मोकळे हाव तुमी," अण्णा मागून म्हणाले. "घ्या खाऊन. कोन इचारतंय!"

विचारणार कोणी नव्हतं, पण बघणारे सगळे होते. माळ नाही म्हणजे बंधन नाही. उद्या सकाळपर्यंत ह्या माणसाने लसूण खाल्ला असता तर नियमाने कोणी काही म्हणू शकलं नसतं, आणि गल्लीने जन्मभर म्हटलं असतं. अण्णांनी तर संध्याकाळी आमच्या फाटकासमोर खुर्चीच टाकली. वारा खायला, म्हणे.

दिवेलागणीला आबा माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसले. मी त्यांच्या हाताला मलम लावलं. हाताची साल निघाली होती. मोकळा हात सारखा गळ्याकडे जात होता आणि तिथे काही न सापडून खाली येत होता. मी इतके दिवस त्यांना पाहत होते, पण त्यांचा गळा पहिल्यांदाच बघितला. फार बारीक होता.

"उद्या काय करनार?"

"वांगी."

"भरली?"

"हो, भरली."

त्यांनी मलमावर फुंकर घातली. "लसूण वाटून का ठेचून?"

"ठेचून."

"ठेचूनच पायजे," ते म्हणाले. "वाटला की मसाल्यात इरघळून जातो. भरल्या वांग्याला दाताखाली आला पायजे." मग ते उठले आणि गेले. त्यांच्या घरात त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. माई म्हणाल्या, ते दूध पिऊन पडले.

माझा माळेवर विश्वास नाही. माणसाने काय खावं हे गळ्यातल्या मण्यांनी ठरवावं हे मला कधीच पटलेलं नाही. पण समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काही बघायला मिळावं हेही मला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वांगी चिरली. दाण्याचं कूट, खोबरं, तीळ, गूळ, चिंच घेतली. मसाला कालवला, भरला आणि हिंग-जिऱ्याच्या फोडणीत वांगी सोडली. झाकणावर पाणी ठेवलं.

खिडकीत सावली आली. आबा अंघोळ करून, ओल्या केसांनी, खांद्यावर कालचाच टॉवेल टाकून उभे होते.

"बाई, वांग्यात लसूण न्हाई?"

"संपला."

"संपला?"

घरात किती लसूण आहे आणि कुठे आहे हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी झाकण काढून वांगी हलवली.

"बरं," ते म्हणाले आणि देवळाकडे निघाले.

अकराला मुली जेवायला आल्या. पहिला घास घेऊन एकमेकींकडे बघायला लागल्या. "मावशी, वांग्याला आज काय झालं?" मी प्रत्येकीच्या ताटात कैरीच्या लोणच्याची एक फोड टाकली आणि दुसऱ्या पंगतीच्या पोळ्या लाटायला घेतल्या.